खेड लोकसभेतलं पहिलं मत

खेड लोकसभा मतदारसंघाचा इतिहास मोबाइलवर शोधला तर एका पानात संपतो. कोण कधी निवडून आलं, कुठल्या पक्षाचं, आणि शेवटी एक ओळ, की दोन हजार आठ साली फेररचना झाली आणि हा मतदारसंघ राहिला नाही. मी ते पान दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. निवडून आलेले सगळे आहेत, निवडून देणारं एकही माणूस नाही. लग्नाच्या अल्बममध्ये नुसते नवरदेवाचेच फोटो लावावेत तसा प्रकार. म्हणून हे लिहायला घेतलंय. कुणाला पटो न पटो, माझ्या लेखी खेड मतदारसंघाचा इतिहास म्हणजे माझी आई आणि तिला कधीच न मिळालेला पहिला नंबर.

आमचं गाव निघोज्याच्या अलीकडं. आज तिथं कंटेनरच्या रांगेतून रस्ता ओलांडायला पंधरा मिनिटं लागतात, पण माझ्या लहानपणी चाकणला जायचं ते कांद्याच्या बाजाराला, आणि कंपनी म्हणजे नदीपलीकडं पिंपरीत. बाबा सायकलनं तिकडं कामाला जायचे. आम्ही बौद्ध, गावाच्या कडेला वस्तीवर राहणारे. मतदारसंघ जुन्नरच्या डोंगरापासून मावळच्या घाटापर्यंत पसरलेला. एवढ्या मोठ्या मुलखात उमेदवार आमच्या वस्तीवर कशाला येतोय? तो चावडीपर्यंत यायचा, हात जोडायचा, पाटलाच्या घरी चहा प्यायचा आणि पुढच्या गावाला जायचा. त्याचा मला कधीच राग आला नाही. राग यायचा तो मतदानाच्या दिवशी, आणि त्याला कारण होतं भवानी.

दुकानदार सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतो. भवानी चांगल्या हातानं झाली की दिवस चांगला जातो, असं त्याला वाटतं. आमच्या गावानं ही समजूत उचलून थेट मतपेटीला लावली होती. मतदान सुरू झालं की पहिलं मत पाटलाच्या घरच्या सुवासिनीनं टाकायचं. ती हिरवी साडी नेसून, हातात हळदीकुंकवाची थाळी घेऊन शाळेत यायची. उमेदवार कुणीही असो, त्याच्या माणसांना ही भवानी हवीच असायची. पाटलीणबाईंच्या मागून त्यांच्या जावा, मग भावकी, मग आळीआळीनं गाव, आणि जेवणं उरकल्यावर, दुपारून, आम्ही. असं यायचं असा कुठं कागद नव्हता. कुणी तोंडानंही सांगत नव्हतं. आदल्या दिवशी पेट्या घेऊन येणाऱ्या साहेब लोकांचं जेवण आणि अंथरूण पाटलाच्या घरून असायचं, त्यामुळे त्यांनाही काही विचारायची गरज पडत नसावी.

मी सहावीत होते तेव्हाची निवडणूक मला स्वच्छ आठवते. आई त्या दिवशी पहाटे उठली, भाकऱ्या थापून झाकून ठेवल्या आणि मला म्हणाली, चल. शाळेच्या दारात आमच्याआधी कुणीच नव्हतं. आतल्या साहेबानं पेटी उघडून बसलेल्या माणसांना रिकामी दाखवली, बंद केली, वर कागदाची पट्टी लावली. मी आईच्या मागून मान काढून हे सगळं बघत होते. तेवढ्यात थाळी आली. पाटलीणबाई आईशी काही बोलल्या नाहीत. बोलला तो कोतवाल. जरा बाजूला हो, भवानी होऊ दे, मग जा, असं त्यानं सांगितलं, आणि तेही काही दमदाटीनं नाही. आईला वाटलं, एका बाईचा तर प्रश्न आहे. ती एक पाऊल बाजूला झाली. पाटलीणबाई आत गेल्या, आणि त्यांच्या मागून जावा, चुलत जावा, भावकी, अशी ओळ सुरू झाली की आईला परत ते एक पाऊल आत टाकायला जागाच मिळेना. आम्हाला बारा वाजले. उन्हानं माझं डोकं दुखायला लागलं होतं.

घरी आल्यावर बाबांनी तिची समजूत घातली. बाबा शांत माणूस. "पेटीत गेल्यावर कुणाचं मत वर आन् कुणाचं खाली, कोण बघतंय?" असं ते म्हणाले.

"मग त्यांचं राहू द्या की खाली," आई म्हणाली.

बाबांनी टोपी घातली आणि मत द्यायला गेले. पण आईनं त्या दिवशी मनाशी गाठ बांधली, की या खेडच्या निवडणुकीत एकदा तरी आपलं मत सगळ्यांच्या आधी पडलं पाहिजे. कुणाला निवडून आणायचं याबद्दल ती कधी फारशी बोलली नाही. तिला हवा होता तो नंबर. मी मोठी झाल्यावर एकदा तिला म्हटलं, आई, याला हट्ट म्हणतात. तर म्हणाली, व्हय, मग त्यांच्याला काय म्हणत्यात?

बाबा गेल्यानंतर जी निवडणूक आली, तेव्हा मी कॉलेजात होते. आई पुन्हा पहाटे शाळेच्या दारात. या वेळी स्वतः पाटील आले. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. विधवा बाईच्या हातानं भवानी ही कल्पनाच त्यांना सोसण्यासारखी नव्हती. पण आमच्यासमोर ते तसं म्हणाले नाहीत, मोठ्या घरची माणसं तोंड विटाळून घेत नाहीत. ते साहेबाला म्हणाले, आमचं काही नाही, पण लोक नाराज होतील, हिला जरा मागून घ्या. आणि रात्री ज्यांच्या घरचं जेवला होता, त्यांच्यासाठी त्या साहेबाला एकदम आईची चिठ्ठी संशयास्पद वाटायला लागली. यादीत नाव तपासायला हवं म्हणाला. तपासेपर्यंत थाळी आत जाऊन बाहेरही आली. मला त्या साहेबाचा जेवढा राग आला तेवढा तात्यांचाही आला नाही. तात्या आपल्या जागी होते. हा सरकारी पगार घेत होता. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आईनं मला बखोटीला धरून उठवलं आणि कांदा चिरायला बसवलं. रडायचंच हाय तर कामाचं रड, म्हणाली.

पुढं माझं लग्न झालं आणि मी तळेगाव दाभाड्याला आले. तळेगावही तेव्हा खेड लोकसभेतच होतं. मी तिथल्या एका कारखान्यात कॉइल गुंडाळायच्या खात्यात लागले, आणि मतदानाच्या दिवशी मनाला एवढंच समाधान असायचं, की मी इकडून आणि आई तिकडून एकाच गाड्याला हात लावतोय.

एकदा निवडणुकीचा निकाल लागून चार दिवस झाले असतील. आई दुपारी अचानक दारात. चाकणहून एसटीनं आलेली, हातात पिशवीसुद्धा नाही. ती आत येऊन बसली, पाणी प्यायली आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. झालं होतं असं, की गावातला एक जण कुठल्याशा उमेदवाराचा माणूस म्हणून मतमोजणीला बसला होता. तिथं एका मतपत्रिकेवर कुंकवाचं बोट उमटलेलं निघालं. शिक्का बरोबर चिन्हावर, पण वर हळद आणि त्यावर कुंकू. मतपत्रिकेवर असली खूण चालत नाही. साहेबांनी ती बाद केली. त्या माणसानं गावात येऊन गंमत म्हणून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय सांगून बसलो.

कारण पेटीला हळदीकुंकू वाहायला साहेब लोक कधीच देत नसत. मग पाटलीणबाई थाळी टेबलावर ठेवायच्या, बोटाला हळदकुंकू घ्यायच्या आणि पडद्याआड जाऊन कागदालाच लावायच्या. पूजा तर व्हायला हवी. म्हणजे माझ्या लहानपणापासून, आणि त्याच्याही आधीपासून, आमच्या गावची भवानी दर वेळी बाद होत होती. ज्या मतासाठी अख्खी वस्ती उन्हात उभी राहिली, ते कधी मोजलंच गेलं नव्हतं. आई तीन-तीनदा सांगत होती आणि मी तीन-तीनदा हसत होते. शेजारीण डोकावून गेली, तिला वाटलं लॉटरी लागली.

चहा घेताना मात्र आईचा आवाज बदलला. "तिला मत द्यायला कुणी धाडलंच न्हाई," ती म्हणाली. "भवानी करायला धाडलं. तिचं मत काय, ह्ये तिच्या नवऱ्यानं तरी कधी इचारलं आसंल का?" पाटलीणबाईंबद्दल आपल्याला रागाखेरीज असं काही वाटू शकतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजही मला ते आईइतकं मनापासून वाटत नाही. मी तेवढी चांगली नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर भवानी बंद पडली असेल. कशाची बंद पडतेय. पाटलीणबाईंना कागदाला हात न लावण्याची ताकीद मिळाली आणि त्या थकल्यावर थाळी त्यांच्या सुनेकडं आली. मधल्या काळात दर दोन वर्षांनी सरकार पडायचं आणि निवडणूक लागायची, त्यामुळे आईला संधी भरपूर मिळाल्या. पाटलाच्या घरच्यांनीही उपाय काढला होता. पहाटेच्याही आधी शाळेच्या उंबऱ्याशी बायकी चपलांचा एक जोड आणून ठेवायचा. चप्पल आहे म्हणजे माणूस रांगेत आहे. एका वर्षी आईनं तो जोड उचलला, झाडून स्वच्छ केला आणि फाटकाबाहेर नीट जुळवून ठेवला. मग स्वतः उंबऱ्याशी उभी राहिली. त्यावरून जी रणधुमाळी झाली तिची गावात कित्येक वर्षं चर्चा होती. शेवटी हवालदारानं निवाडा केला: चप्पल पहिली, तिची मालकीण दुसरी, तिची जाऊ तिसरी, आई चौथी. चपलेलाही मताचा अधिकार असल्याचं आईला त्या दिवशी कळलं. ती हे अगदी असंच सांगायची.

मग आली दोन हजार चारची निवडणूक. पेट्या जाऊन मशीनं आली होती. तात्या थकून अंथरुणाला टेकले होते, दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शब्दाला शब्द देणारा झाला होता, आणि आई म्हणत होती की या वेळी कुणी अडवायला नाही. नेमकं त्याच आठवड्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. आई माझ्यापाशी दवाखान्यात. मी तिला आदल्या संध्याकाळी जा म्हटलं, जीव तोडून म्हटलं. ती गेली नाही. सकाळी मला पेज पाजून, पहिल्या एसटीनं निघाली, चाकणला उतरून रिक्षा केली, आणि शाळेत पोहोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. मी पडल्या पडल्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

ती खेड लोकसभेची शेवटची निवडणूक होती. तेव्हा कुणाला माहीत होतं? पुढच्या वेळी करू, असं आम्ही दोघी म्हणालो. पुढच्या वेळेपर्यंत कागदावर रेघ मारली गेली आणि मतदारसंघच गेला. आईचं गाव शिरूरमध्ये, मी मावळमध्ये. ती भोसरी आणि हडपसरवाल्यांबरोबर खासदार निवडणार, मी घाट उतरून पनवेल आणि उरणवाल्यांबरोबर. माझा-तिचा खासदारही एक राहिला नाही. ही फेररचना लोकसंख्या बघून होते, त्यात कुणाचं वाईट करायचा हेतू नसतो, हे मला समजतं. समजलं म्हणून राग जातो असं मात्र नाही. माझ्या एका ऑपरेशनपायी तिचं आयुष्यभराचं एक काम अर्धवट राहिलं, हे मी आजवर तिच्याजवळ बोललेले नाही. इथं लिहिते.

नव्या मतदारसंघात आई दोनदा नुसती मत देऊन आली. खेडच न्हाई तर कशाचा पयला नंबर, म्हणाली. तिसऱ्यांदा तिचा गुडघा बदललेला होता आणि दादा तिला दुपारी गाडीतून घेऊन गेला. मला वाटलं, संपलं. वय झालं, खुमखुमी गेली.

गेल्या लोकसभेच्या आधी अंगणवाडीच्या बाई घरी आल्या. मतदार यादीचं काम त्यांच्याकडं असतं. पंच्याऐंशीच्या वरच्यांना आता घरबसल्या मत देता येतं, साहेब लोकच कागद आणि पेटी घेऊन दारात येतात, त्याचा फॉर्म घेऊन त्या आल्या होत्या. आई शहाऐंशीची. मी तेव्हा माहेरीच होते. दादा म्हणाला, देवासारखा फॉर्म आलाय, सही करून टाक. आणि माझ्या डोक्यात तर लख्ख उजेडच पडला. हे साहेब मतदानाच्या आठवडाभर आधी येतात. म्हणजे आईचं मत गावातल्या कुणाच्याही आधी, पाटलाच्या सुनेच्याही आधी. इतक्या वर्षांचा नंबर सरकार घरपोच देत होतं. मी तिला हे समजावून सांगितलं. फार हुशारी केल्यासारखं सांगितलं.

आई ऐकत होती, मान हलवत होती. मग तिनं फॉर्म अंगणवाडीच्या बाईंच्या हातात परत दिला.

"घरात मी कुणाच्या पुढं हुबी राहू?" ती म्हणाली. "चुलीच्या?"

मी म्हटलं, अगं पण तुझं मत पहिलं पडेल. तर म्हणाली, गाव बघायला नसंल तर त्याच्या आधी काय आन् मागं काय. मतदारसंघ गेला, गाव तर हाय तिथंच हाय. मी शाळेत जाणार, आन् पयली जाणार. दादा चिडला. गुडघा, ऊन, मे महिना, रक्तदाब, सगळं त्यानं ऐकवलं. चिखलीतल्या त्याच्या वर्कशॉपवर चाळीस कामगारांना गप्प करणारा माणूस, पण आईपुढं त्याचं काही चाललं नाही. तो मला म्हणाला, तू तरी सांग. मी काय सांगणार? दवाखान्यातलं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी म्हटलं, मी येते तिच्याबरोबर. माझं मत तळेगावला, ते मी नंतर जाऊन देईन.

मतदानाच्या दिवशी साडेपाचला आम्ही शाळेच्या फाटकात होतो. आत पक्षांच्या माणसांसमोर मशीन तपासून बघायचं काम चाललं होतं. उंबऱ्याशी चपला नव्हत्या. दादानं आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत दाराशी बसवलं आणि मागं उभा राहिला, कारण दादाचं मत त्याच खोलीत. मी आईचा हात धरून, म्हणून हवालदारानं मला व्हरांड्यापर्यंत येऊ दिलं. सहा वाजता कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवलेला एक पोरगेला माणूस दादामागं येऊन लागला. मूळचा बीडकडचा, नव्या सोसायटीत राहणारा, सुट्टी असूनही ओव्हरटाइमला जायचं म्हणून मत देऊन निघणार होता. मग हळूहळू रांग वाढली. निम्मे चेहरे मला अनोळखी. गाव एवढं बदललंय की कोण कुणाच्या आधी हे ठरवायचं तर आधी कोण कोण ते ठरवायला लागेल.

सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना थाळी आली. वर जाळीचा रुमाल झाकलेला. तात्यांची नातसून, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारी, आणि तिच्यामागं तिची सासू. नातसुनेच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला हे कधी एकदा उरकतंय असं झालंय. तिच्या घरचा एक जण पक्षाचा एजंट म्हणून आत बसला होता, तो बाहेर आला. अगदी गोड बोलला. आजी, तुम्ही बसा आरामात, ज्येष्ठांना कधीही आत जाता येतं, नियमच आहे, एवढ्या एकीला जाऊ द्या. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठे. म्हातारपणाची सवलतसुद्धा हिला मागं ठेवायला वापरली.

आई खुर्चीतच बसून राहिली. बोलला तो बीडचा माणूस. "आजी कवाच्या बसल्यात. म्या आलो तवा बी इथंच हुत्या," तो म्हणाला. त्याला भवानीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, त्याला ओव्हरटाइमची घाई होती. मागं कुजबुज सुरू झाली. ती ऐकून आतले केंद्राध्यक्ष बाहेर आले. कुठल्याशा शाळेतले शिक्षक असावेत, तिशीतले, रात्रभर झोप नसलेले. त्यांनी खुर्ची बघितली, थाळी बघितली आणि फटकन म्हणाले, काय चाललंय, म्हाताऱ्या माणसांना आधी सोडा.

झालं, असं मला वाटलं. जिंकलो. मी आईला उठवायला हात घातला तर ती खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसलेली.

"म्हातारी म्हणून न्हाई, साहेब," ती म्हणाली. "मी आधी आलीय. आधी आली म्हणून आत जानार. तसं म्हना."

साहेबांना क्षणभर कळलंच नाही. अहो, जायला तर मिळतंय ना आजी, असं काहीतरी ते म्हणाले. दादा माझ्याकडं बघत होता, की आवर हिला. मी आवरलं नाही. मला भयंकर आनंद होत होता. साहेबांनी रांगेकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. मग ते जरा मोठ्यानं म्हणाले, "या आजी आधी आल्या आहेत. त्या आधी आत जातील." एजंट आत जाऊन खुर्चीत बसला. नातसुनेनं थाळी सासूच्या हातात दिली आणि सरळ मागं जाऊन रांगेत उभी राहिली, सोसायटीच्या बायकांमध्ये. सासू थाळी घेऊन एकटीच उभी होती.

आई उठली. व्हीलचेअर पुढं केली गेली, ती तिनं बघितलीही नाही. दारातून मला पहिलं टेबल नीट दिसत होतं. नाव पुकारलं गेलं, ओळखपत्र बघितलं गेलं, बोटाला शाई लागली. समोर नवंकोरं रजिस्टर उघडलेलं, पहिली ओळ, अनुक्रमांक एक. टेबलावरच्या बाईंनी आईचं वय बघून अंगठ्याचा पॅड पुढं सरकवला. आईनं पॅड बाजूला केला आणि पेन मागितलं. साक्षरतेच्या वर्गात ती पन्नाशीनंतर शिकली होती, आणि सही म्हणजे पूर्ण नाव, एवढंच तिला ठाऊक होतं. मास्तरांनी तसं शिकवलं होतं.

तिनं रजिस्टर स्वतःकडं ओढलं. आधी स्वतःचं नाव. एकेक अक्षर काढून त्यावर रेघ. मग बाबांचं. रांग फाटकापर्यंत गेली होती, त्यात सगळी भावकी होती, पंखा बंद होता, बीडचा माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. आतला एजंट खाकरला. आजी, नुसती खूण केली तरी चालतंय, असं टेबलावरच्या बाईंनी सांगून बघितलं. दादा पुढं वाकून हळूच म्हणाला, "आई, लोक थांबल्यात."

"थांबू देत," ती म्हणाली, आणि आडनाव लिहायला घेतलं.